गहाण पडलेला मुलूख

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की तो गावाच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट सांगतो, घाटावरचा की घाटाखालचा. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. जिल्हा एक, आमदार-खासदारांच्या सभा एक, पण सोयरिकीची बोलणी सुरू झाली की हा घाट मध्ये येतोच. आमच्या घरात तो आलेला आहे. आई मेहकरकडची, घाटावरची. वडिलांचं गाव अकोटच्या खाली, पूर्णेच्या बाजूला, जिथे विहिरीचं पाणी खारं लागतं. लग्न ठरलं तेव्हा आजीची पहिली शंका "घाटावरची पोरगी खाऱ्या पान्यात कशी नांदीन?" अशी होती म्हणे. कोणत्या जिल्ह्याची, हे तिने विचारलंच नाही.

अकबराच्या दरबारात अबुल फझलने आइन-इ-अकबरी लिहिताना वऱ्हाड सुभ्याची हीच फोड केली आहे. डोंगरावरचा तो बालाघाट, दोन डोंगररांगांमधला तो पायानघाट. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडाची रांग, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णेचं काळंभोर खोरं. चारशे वर्षांत राज्यं किती आली-गेली, पण ही फोड आजीच्या तोंडी जशीच्या तशी होती, आणि तिने अबुल फझलचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. अबुल फझलचा वऱ्हाड मात्र आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. त्याच्या सुभ्यात खेरला आहे, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलं बैतूल. माहूर आहे आणि पाथरीही आहे, आज ही दोन्ही मराठवाड्यात मोडतात. रामगीर तर थेट तेलंगणातलं. पाथरीच्या माणसाला आज "तुम्ही वऱ्हाडी" म्हटलं तर तो चमकून बघेल.

त्याच्याही आधी महानुभावांनी हिशेब मांडून ठेवला आहे. चक्रधरस्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रात राहायला सांगितलं, मग महाराष्ट्र म्हणजे नेमका कुठवर, असा प्रश्न अनुयायांना पडला. आचारधर्मावरच्या त्यांच्या भाष्यात त्याचं उत्तर आहे. मराठी भाषा जिथवर चालते त्या मुलखाची एकेक खंडमंडळं त्यात सांगितली आहेत. गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, दोन्ही काठ हे एक मंडळ. तिथून मेहकरच्या घाटापर्यंत दुसरं. आणि त्यापुढे अवघं वऱ्हाड हे आणखी एक. भाषेचा थोडा पालट होतो म्हणून मंडळं वेगळी, पण सगळी मिळून महाराष्ट्रच. मला हे वाचताना गहिवरून येतं, कारण त्या भाष्यकाराने हद्द आखताना राजाचं नाव घेतलं नाही, सारा कोणाला जातो हे विचारलं नाही. माणसं कशी बोलतात हे पाहिलं, आणि घाट पाहिला. ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र लिहिलं गेलं ते अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी गद्याचा उगम वऱ्हाडच्या मातीत आहे, हे शाळेत आम्हाला कोणी जोर देऊन सांगितलं नाही, याची खंत वाटते.

पुढचा मध्ययुगाचा भाग मी भरभर सांगतो, कारण त्यात वऱ्हाड बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भांडणातलं बक्षीस आहे. बहमनींचा एक तरफ, म्हणजे प्रांत. मग एलिचपूरची, म्हणजे आपल्या अचलपूरची, इमादशाही. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा. ही जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वऱ्हाडने स्वतःची राजधानी स्वतःच्या मातीत पाहिली, आणि नंतर कधीच नाही. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ते राज्य गिळलं. 1596 मध्ये चांदबिबीने अहमदनगरचा वेढा उठवण्यासाठी मोगलांना काय दिलं? वऱ्हाड दिलं. अहमदनगर वाचलं, त्याची किंमत घाटाखालच्या शेतांनी चुकवली.

हा सौदा मला फार बोलका वाटतो. कारण तेव्हापासून वऱ्हाडच्या हद्दी ज्या ज्या वेळी हलल्या, त्या बहुतेक वेळा कोणाचं तरी देणं भागवण्यासाठी हलल्या. काळी जमीन, हमखास वसूल. "वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" असं आम्ही अभिमानाने म्हणतो. सोनं असलं की ते तारण ठेवता येतं, ही त्या म्हणीची दुसरी बाजू आमच्याकडे फारशी बोलली जात नाही.

1724 साली सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्ड्याला लढाई झाली. निजामुल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारलं, आणि तिथून हैदराबादचं राज्य प्रत्यक्षात स्वतंत्र झालं. दोनशे चोवीस वर्षं टिकलेल्या त्या राज्याचा जन्म घाटावरच्या एका खेड्याच्या शिवारात झाला. साखरखेर्ड्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून ही गोष्ट कोणाला सांगितली तर पटणार नाही. त्यानंतर मराठ्यांचा जोर वाढला आणि वऱ्हाडात दोअमली सुरू झाली. एकाच गावात निजामाचा अंमलदारही वसुलीला यायचा आणि नागपूरकर भोसल्यांचाही. सीमा दोन राज्यांच्या मधून जाते अशी आपली समजूत असते. वऱ्हाडात ती प्रत्येक खळ्यातून गेली. एकाच ज्वारीच्या राशीतून दोन सरकारांचे वाटे निघत होते.

मग 1803. आडगाव आमच्या गावापासून दूर नाही, तेल्हारा तालुक्यात आहे. 29 नोव्हेंबरला तिथल्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पंधरवड्याने, 15 डिसेंबरला, गाविलगड पडला. बेणीसिंग किल्लेदार लढता लढता गेला. आणखी दोन दिवसांनी देवगावचा तह झाला, आणि भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो स्वतः ठेवला नाही, निजामाला देऊन टाकला. गाविलगड, नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा थोडा पट्टा मात्र अजून काही वर्षं भोसल्यांकडे राहिला. म्हणजे अकोटच्या शेतकऱ्याला मान वर केली की नरनाळ्यावर एकाचा अंमल दिसायचा आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची असायची. 1822 च्या तहाने वर्धा नदी ही हद्द पक्की झाली. नदी तीच होती. तिच्या आमच्या काठावर कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर, तिथून दरवर्षी पंढरपूरला पालखी जाते. दुसऱ्या काठावरची माणसंही त्याच पालखीला येतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. निजामाने इंग्रजांच्या सांगण्यावरून एक फौज पोसायची होती, हैदराबाद कंटिंजंट. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. पगार थकत गेला, इंग्रजांनी तो स्वतःच्या खजिन्यातून भरला आणि निजामाच्या नावावर कर्ज लिहिलं. आकडा फुगत गेला. डलहौसीच्या काळात, मे 1853 मध्ये, नासिरुद्दौला निजामाकडून तह लिहून घेतला गेला. फौजेचा खर्च आणि कर्जाचं व्याज वसूल व्हावं म्हणून काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात द्यायचे, उरलेली रक्कम निजामाला परत करायची. त्या जिल्ह्यांत मुख्य होतं वऱ्हाड. शिवाय धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दोआब. कागदावर नाव पडलं "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स". सरकारी भाषा काहीही म्हणो, ज्याने सावकाराच्या दारात सातबारा ठेवला आहे त्याला यातला व्यवहार लगेच कळतो. वऱ्हाड गहाण पडलं. मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची.

1860 मध्ये नवा तह झाला. सत्तावनच्या धामधुमीत हैदराबादने इंग्रजांची बाजू घेतली होती, त्याचं बक्षीस म्हणून पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि धाराशिव, रायचूर परत गेले. कर्ज फिटल्यावर गहाण सुटायला हवं होतं. वऱ्हाड सुटलं नाही. उलट हिशेब दाखवण्याची जबाबदारीही इंग्रजांनी काढून टाकली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना घाटाखालची काळी जमीन दिसू लागली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त असा खास अधिकारी नेमला गेला. ज्या मुलखासाठी कापूस आयुक्त नेमतात तो मुलूख कोणी परत करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. निजामाचा दिवाण सालारजंगने वर्षानुवर्षं अर्ज केले, 1876 मध्ये इंग्लंडला जाऊन आला. उपयोग झाला नाही.

1902 च्या नोव्हेंबरात कर्झनने मेहबूब अली खान निजामाशी करार केला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे, वर्षाला पंचवीस लाख रुपये भाडं. 1 ऑक्टोबर 1903 पासून कारभार नागपूरहून सुरू झाला. आणि त्याच सुमारास कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकल्या. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गहाण टाकलं होतं ती फौजच राहिली नाही, पण गहाण राहिलं. या सगळ्या पन्नास वर्षांत वऱ्हाडातल्या एका तरी माणसाला कोणी काही विचारलं का? तहनाम्यांवर निजामाची सही आहे, गव्हर्नर जनरलची आहे, रेसिडेंटची आहे. अमरावतीत 1897 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, दादासाहेब खापर्ड्यांसारखी माणसं त्यात राबत होती, म्हणजे बोलणारी माणसं इथे नव्हती असं नाही. पण ती त्या टेबलापाशी नव्हती.

या गहाणखतातून कायद्याचे जे गुंते झाले ते वाचताना थक्क व्हायला होतं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेरचं. त्यामुळे मुंबई-कलकत्त्याला लागू झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे, वेगळा हुकूम काढून आणावा लागे. 1919 च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी गेले, पण कसे? लोकांनी निवडून द्यायचे आणि मग गव्हर्नरने त्यांची नेमणूक करायची, कारण परक्या मुलखातला माणूस नुसत्या मतांवर आत कसा बसणार. उस्मान अली खान निजामाने वऱ्हाड परत मागितलं तेव्हा 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्याला सार्वभौम सत्ता कोणाची हे कडक शब्दांत सुनावलं. दहा वर्षांनी समजूत काढली ती किताब देऊन. निजाम झाला "हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम", आणि त्याचा वारस "प्रिन्स ऑफ बेरार". राज्याविना राजपुत्र. पंचवीस लाख मात्र चालूच राहिले, आणि ते अखेर आमच्याच पणज्या-आज्यांच्या साऱ्यातून गेले.

अशा हद्दी कागदावरच राहतात असं मात्र समजू नये. त्या जमिनीत मुरतात. वर्धा नदीच्या पलीकडे, मध्य प्रांतात, मालगुजारी होती. गावाचा मालगुजार सारा भरायचा, बाकीची कुळं त्याच्या हाताखाली. आमच्याकडे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी. सर्व्हे नंबर शेतकऱ्याच्या नावावर, सारा त्याच्या डोक्यावर. नावावर जमीन असल्याचा ताठा वऱ्हाडी माणसात दिसतो त्याचं मूळ इथे आहे. पण जमीन ज्याच्या नावावर असते त्यालाच ती गहाणही टाकता येते. कापसाच्या तेजीत सावकारांनी हात सैल सोडला, भाव पडले तेव्हा मूठ आवळली. मुलूख जसा हातचा गेला तशी शेतंही गेली, एकेक करून.

रेल्वेचंही तसंच. 1867 मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली ती मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी, पायानघाटाच्या पोटातून. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून फाटा काढला, 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द लॉर्ड मेयो आला. पुढे यवतमाळ आणि अचलपूरचा कापूस मूर्तिजापूरला आणायला किलिक निक्सन कंपनीने अरुंद रूळ टाकले, तीच आमची शकुंतला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तिचे रूळ त्या खासगी कंपनीच्या मालकीचे राहिले, हे अनेकांना खरं वाटत नाही. घाटावर मात्र गाडी चढली नाही. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, तिथे आजही रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणारलाही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षं जुनी आहे. निसर्गाने घातलेली रेघ इंग्रजांच्या रुळांनी दुसऱ्यांदा गिरवली, आणि आपण ती पुसलेली नाही.

आत्याचं सासर पैनगंगेपलीकडे, हिंगोलीच्या बाजूला. आजी सांगायची, "तिले मोगलाईत देल्ली." मोगल जाऊन दोनशे वर्षं झाली होती, पण निजामाच्या राज्याला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. कायद्याच्या दृष्टीने नदीचे दोन्ही काठ एकाच निजामाचे होते. प्रत्यक्षात पलीकडे गेलं की हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं, चालायचा, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागायची, शाळा आणि कचेरी उर्दूतून. आजीच्या पिढीला तो परदेशच होता. 1947-48 मध्ये रझाकारांच्या भीतीने पलीकडची कुटुंबं नदी ओलांडून वऱ्हाडात आली, तेव्हा आत्याच्या सासरची माणसंही आमच्याकडे महिने काढून गेली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि ती परत गेली. आत्याने मात्र शेवटपर्यंत माहेरचा उल्लेख "इंग्रजीतलं गाव" असाच केला.

सीमा पुन्हा हलल्याच. 8 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यात, अकोल्यात करार झाला, संयुक्त महाराष्ट्र झाला तर वऱ्हाडचं स्थान काय असेल यावर. 1953 ला नागपूर करार. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी या इथल्या नेत्यांचा जोर वेगळ्या विदर्भावर. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य करावं अशी शिफारस केली, ती मानली गेली नाही. 1956 ला द्विभाषिक मुंबई, 1960 ला महाराष्ट्र. 1956 मध्ये माझ्या आजोबांची राजधानी हलली नागपूरहून मुंबईला, आणि त्यांचं तालुक्याचं काम करणारा कारकून मात्र तोच होता. या काळात "विदर्भ" हे नाव इतकं पक्कं झालं की वऱ्हाड आणि नागपूर-चंद्रपूरची झाडी हे वेगळे मुलूख होते, हेच लोक विसरले. मला दोन्ही प्रिय आहेत. पण त्यांचा इतिहास एक नाही, जमीन एक नाही, पाऊस एक नाही, आणि दोघांना एकाच नावात कोंबून दोघांच्या गरजा एकाच तराजूत तोलणं मला अन्यायाचं वाटतं.

छोट्या हद्दीही तेवढ्याच जिव्हाळ्याच्या असतात. 1905 मध्ये इंग्रजांनी सहा जिल्ह्यांचे चार केले, वाशीम आणि एलिचपूर गेले. वाकाटकांची एक शाखा ज्या वत्सगुल्मातून राज्य करत होती ते वाशीम अकोल्याचा एक तालुका होऊन बसलं. त्याला जिल्हा परत मिळाला 1998 मध्ये, त्र्याण्णव वर्षांनी. अचलपूर, जी कधीकाळी अख्ख्या वऱ्हाडची राजधानी होती, अजून वाट पाहते आहे.

2006 मध्ये शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून पंतप्रधानांनी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिल्हे सहा होते. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा. मी ती यादी वर्तमानपत्रात वाचली आणि कपाटातून जुना नकाशा काढला. वर्धा वगळला तर उरलेले पाच जिल्हे म्हणजे 1853 ला गहाण पडलेलं वऱ्हाड, नदीपासून नदीपर्यंत. आत्महत्यांची कारणं आजची आहेत, बियाणं, भाव, बँका, पाऊस, सिंचन. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका तहावर सगळा भार टाकणं मला मान्य नाही. पण कापसाशिवाय या मुलखाला दुसरं काही सुचू नये, कोरडवाहू शेतावर कर्ज हेच भांडवल असावं, रेल्वे असावी ती गाठी नेण्यापुरती, ही घडी त्या काळात बसली आणि तिची इस्त्री अजून मोडलेली नाही.

आमच्या गावात आता नळाला वान धरणाचं पाणी येतं. शेतात मात्र तेच खारं. खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला आहे. जमीन नजर ठरणार नाही इतकी काळी आणि खोल, पण विहिरीचं पाणी द्यावं तर पीक जळतं. पावसावर तूर, हरभरा, कापूस, मूग घ्यायचा, जमलं तर शेततळं करून गोडं पाणी साठवायचं. या पट्ट्याची हद्द कोणत्याही सरकारी नकाशावर ठळक रंगवलेली मी पाहिली नाही, पण सोयरीक जुळवणाऱ्या बायकांना ती शिवाराशिवारानिशी पाठ आहे.

2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्द धरणाचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्याने झाडीतून निघून वर्धा नदी ओलांडत बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत यायचं आहे. भोसले आणि निजामाच्या जुन्या हद्दीवरून ते पाणी जाईल. मला तो कालवा हवा आहे, मनापासून हवा आहे. पण त्याआधी दोन गोष्टी मला लेखी पाहायच्या आहेत. एक, भंडारा-गोंदियाच्या धानकऱ्यांचं पाणी आधी पुरेसं राखून ठेवलं आहे का, आणि तसं त्यांच्या ग्रामसभांना विचारलं आहे का. दुसरी, खारपाणपट्ट्यातल्या कोणत्या गावांना त्यातून किती पाणी मिळणार, गावांच्या नावानिशी. तालुक्याच्या पाटबंधारे कचेरीत मी तसा अर्ज दिला आहे, आणि अकोट, तेल्हारा, दर्यापूर, संग्रामपूरकडच्या वाचकांनी आपापल्या गावाच्या नावाने तो द्यावा, अशी माझी विनंती आहे.